पाय घसरला की झाकण नव्हते?

(मंडळाच्या वर्धापनदिनी, जानेवारी २०२६ मध्ये, हळदीकुंकवाच्या वेळी केलेले भाषण)



चारचौघींत उभे राहून बोलण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग. माझी शाळा सातवीपर्यंतच झाली. "तुमच्या हाताची हकीकत सांगाच," असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला, म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्यावे.

ऑगस्ट २०२५ मधली गोष्ट. नारळीपौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी मी बाजारात नारळ आणायला गेले होते. पाऊस नुकताच थांबला होता आणि रस्त्यावर घोटाभर पाणी होते. त्या पाण्याखाली गटाराच्या चेंबरवर झाकण नव्हते. माझा डावा पाय मांडीपर्यंत आत गेला आणि मी उजव्या हातावर पडले. पिशवीतला नारळ शाबूत राहिला, मनगट मात्र मोडले.

लोकांनी मला वर काढले. घरी आल्यावर माझ्या तोंडून पहिले वाक्य काय निघाले असेल? "माझेच लक्ष नव्हते." समाचाराला आलेल्या मैत्रिणीही तेच म्हणाल्या, "अगं, बघून चालायचं ना!" त्यांतल्या काही जणी आज समोर बसल्या आहेत, त्यांनी राग मानू नये. मीही दुसरीला तेच म्हटले असते.

दीड महिना हात प्लॅस्टरमध्ये होता. प्लॅस्टर निघाल्यावरही मुठीत जोर येईना, त्यामुळे दिवाळीच्या चकल्यांच्या ऑर्डरी परत कराव्या लागल्या. घरातल्या भाकऱ्या एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई थापत होत्या. मला पाहवत नसे. एके दिवशी भाकरी थापता थापताच त्या म्हणाल्या, "सूनबाई, पाय तुझा घसरला, की झाकण नव्हतं?"

तोवर हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता.

घरातून विरोध झाला, तो लपवीत नाही. हे म्हणाले, "घरपट्टी त्यांच्या हाती, नळ त्यांच्या हाती. नगरपालिकेशी वैर कशाला?" त्यांचेही अगदीच खोटे नव्हते. पण सासूबाईंनी दवाखान्याच्या, औषधांच्या, रिक्षाच्या साऱ्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या आणि मुलीने दुसऱ्याच दिवशी त्या उघड्या चेंबरचे मोबाइलवर फोटो काढले होते. मी डाव्या हाताने सही करून अर्ज दिला. टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "बाई, पाणी दिसत होतं तर पाय कशाला घातलात?" मला उत्तर सुचले नाही. पण अर्जाच्या नकलेवर आवक क्रमांक आणि शिक्का पडल्याशिवाय मी तिथून हलले नाही.

उत्तर पुढे वकीलबाईंकडून मिळाले. वकील म्हटल्यावर खर्चाची धास्ती वाटते. मलाही वाटली होती. परंतु १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना वकील मोफत मिळतो, मग घरची मिळकत कितीही असो. आपल्या तालुक्याच्या कोर्टातच अर्ज करायचा असतो. मी बाजारात त्या इमारतीवरून वर्षानुवर्षे जात होते. हे कधी कानावर आले नव्हते.

वकीलबाईंनी मला दिल्लीची हकीकत सांगितली. तिथे चांदणी चौकात टाऊन हॉलसमोर घड्याळाचा मनोरा होता. १९५१ साली तो कोसळला आणि माणसे दगावली. वारसांनी दावे लावले. त्या खटल्याला सुभागवंती या बाईंचे नाव आहे. पालिकेचे म्हणणे, "मनोरा पडेल असे वरून दिसत नव्हते, आमचा काय दोष?" १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. मनोरा सुमारे ८० वर्षांचा आणि तसल्या चुन्याचे आयुष्य ४०-४५ वर्षांचे. चुन्याची नुसती भुकटी झाली होती. रस्त्यालगतचे बांधकाम ज्याचे, त्यानेच ते वेळोवेळी तपासले पाहिजे. दोष दिसत नव्हता ही सबब चालणार नाही, असा निकाल झाला.

हे ऐकले आणि त्या गृहस्थांना द्यायचे उत्तर मला सापडले. पाण्याखालचे झाकण पाहणे माझे काम नव्हते.

साक्षीचा प्रश्न मात्र मला टोचत होता. चेंबरशेजारी भाजी विकणाऱ्या मावशींनी झाकण नसल्याचे पालिकेच्या माणसांना दोनदा सांगितले होते. पण त्यांची बसायची जागा पालिकेच्याच मर्जीवर. त्यांना मी कोणत्या तोंडाने सही मागू? मी विषय काढलाच नाही. एका सकाळी त्या आपण होऊन घरी आल्या. "तुझ्या आधी एक शाळेतलं पोर पडलं होतं, तेव्हा मी गप्प बसले," एवढेच बोलल्या आणि कागदावर अंगठा दिला. चहाही घेतला नाही.

आता कायद्याचे थोडे. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघडी मॅनहोल यांबाबत हुकूम दिला. मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, जखमीला दुखापतीप्रमाणे ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत. नगरपरिषदेच्या हद्दीत मुख्याधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीने ते ठरवायचे, आणि रक्कम ६ ते ८ आठवड्यांत द्यायची. मी डिसेंबरच्या सुरुवातीला तिकडे अर्ज केला. शिवाय दाव्याची वाटही मोकळी ठेवली आहे. तिला दोन अटी आहेत: लेखी नोटीस देऊन एक महिना थांबायचे, आणि घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दावा लावायचा. "बरे वाटले की बघू" म्हणत बसले असते, तर हे सहा महिने केव्हाच निघून गेले असते. नोटीस गेली आहे. मुदत फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात संपते. कागद तयार आहेत.

पैसे अजून मिळालेले नाहीत, मिळतील की नाही तेही आज सांगता येत नाही. मूठ अजून नीट वळत नाही. आज तिळाचे लाडू मुलीने वळले आहेत. चेंबरवर मात्र नोटिशीनंतर आठ दिवसांत लोखंडी झाकण बसले.

माझ्या अर्जाची आणि नोटिशीची नक्कल मी मंडळाच्या कपाटात ठेवली आहे. जिला हवी असेल तिने चिटणीसबाईंकडे मागावी.