सुरू कोणी करायची, बंद कोणी करायची?



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाली. पण आईच्या आमवातामुळे ‘स्टेरॉइड’ हा शब्द आमच्या घरात रोजचा झाला. त्याबद्दलच पाच मिनिटं बोलते.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी 1929 मध्ये एक गोष्ट पाहिली. आमवाताच्या रुग्णाला कावीळ झाली आणि त्याचे सांधे दुखायचे थांबले. गरोदरपणातही बायकांना असाच आराम पडे. म्हणजे औषध शरीरातच तयार होत असणार! तिथलेच रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडल मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींमधली संप्रेरकं वेगळी करत होते. त्यातलं एक मर्क कंपनीने गुरांच्या पित्तापासून बनवलं. सप्टेंबर 1948 मध्ये जेमतेम हालचाल करणाऱ्या 29 वर्षांच्या एका बाईला ते टोचलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. हेच कॉर्टिसोन. 1950 मध्ये हेंच, केंडल आणि राइशस्टाइन यांना नोबेल मिळालं.

पण हे औषध सूज दाबतं, रोग मुळातून काढत नाही. जास्त दिवस घेतलं की चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. कोविडमध्ये दोन्ही बाजू दिसल्या. 2020 मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीत डेक्सामेथासोनमुळे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. 2021 मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने अनेकांचे डोळे गेले. त्यामागे मधुमेह होता, तसा स्टेरॉइडचा अतिवापरही होता.

आपल्याकडे गुडघेदुखीवर बिननावाच्या पुड्या मिळतात. दोन दिवसांत फरक पडला की शेजारणीलाही सांगितलं जातं. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं देशात पुष्कळ आहेत.

घाबरून एकदम बंद करणंही तितकंच धोक्याचं. बाहेरून संप्रेरक मिळत राहिलं की आपली ग्रंथी काम थांबवते. गोळी अचानक तोडली तर ती लगेच जागी होत नाही. रक्तदाब कोसळतो, जीवावर बेतू शकतं. म्हणून डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात.

आपले आईवडील आता सत्तरीत आहेत. मिरजेला दाखवायला नेताना घरातल्या सगळ्या गोळ्या आणि पुड्या पिशवीत घालून न्या, डॉक्टरांच्या टेबलावर ओता. सर, बाई, तुम्हीसुद्धा! गोळी सुरू करायची ती डॉक्टरांनी, आणि बंद करायची तीही त्यांनीच.