पकड कां सुटते?

दिवाळी आटोपून भात घरांत आलें, कीं पेण आणि रोहा ह्या तालुक्यांतील गांवोगांवीं कबड्डीचीं मैदानें आंखलीं जाऊं लागतात. माती चाळून पसरतात, पाणी मारून चोपतात, चारी बाजूंस दिव्यांचे खांब उभे राहतात आणि रात्रीं उशिरापर्यंत सामने चालतात. पण सामना संपला म्हणून खेळ संपत नाहीं. त्याचा दुसरा डाव सकाळीं पेणहून रोह्यास जाणाऱ्या आगगाडींत रंगतो. मंडळींच्या हातांत जेवणाचे डबे असतात, डोळ्यांवर जागरण असतें; तरी पेण सोडून कासू येईपर्यंत कोणी डुलकी घेईल तर शपथ!

अशाच एका डब्यांत पेणजवळच्या एका गांवचे पांचसात लोक बसले आहेत अशी कल्पना करावी. त्यांचा संघ ओळीनें तिसऱ्या स्पर्धेंत हरला आहे, आणि तोहि अवघ्या दोन गुणांनीं. धाटावच्या कारखान्यांत नोकरीस असलेला एक तरुण तावातावानें विचारीत आहे कीं, आपल्या चढाईवाल्यानें काय कमी केलें? एकट्यानें निम्मे गुण आणले. बाकीच्यांचेंच नशीब फुटकें! खिडकीशीं नाना बसले आहेत. गणपतींच्या कारखान्यांत माती मळण्यांत त्यांचा जन्म गेला. ह्या जिल्ह्यास कुलाबा म्हणत (रायगड हें नांव १९८१ सालीं मिळालें) त्या दिवसांत ते स्वतः उजव्या कोपऱ्यास खेळत. मुलीकडे रोह्यास निघालेले नाना एवढेंच विचारतात, "आणलेले गुण मोजलेस, बाबा. घालवले किती, तेहि मोजलेस का?"

कबड्डीचें अर्धें शास्त्र ह्या प्रश्नांत आलें. ज्यांनीं हा खेळ लहानपणीं हुतुतू म्हणून पाहिला असेल त्यांना तें सांगावयास नको. इतरांसाठीं थोडें सांगितलें पाहिजे. दोन्ही बाजूंस सात-सात गडी. चढाई करणारा एका दमांत, तीस सेकंदांच्या आंत, प्रतिपक्षाच्या अंगणांत जातो आणि हात अथवा पाय लावून परततो. तो पकडला गेला तर त्याच्या पक्षाचा एकच गडी बाद होतो. परंतु पकड सुटून तो मध्यरेषेला पोंचला, तर झटापटींत ज्यांचा ज्यांचा त्याला स्पर्श झाला ते सारे बाद! म्हणजे चढाईंतील चूक एकापुरती राहते. पकडींतील एकाची चूक तिघांचौघांना भोंवते. असें असूनहि टाळ्या पडतात त्या चढाईला. पकड करणाऱ्यांची आठवण लोकांना होते ती बहुधा पकड सुटल्यावर.

त्या रात्रीं नेमकें तेंच झालें. खिडकीच्या धुरकट कांचेवर बोटानें रेघा ओढून नाना तें समजावून सांगतात. शेवटचीं दोन मिनिटें उरलेलीं, आपण एका गुणानें पुढें, मैदानांत आपले पांच गडी. प्रतिपक्षाचा गडी निदानरेषा ओलांडून आला आणि त्यानें उजव्या कोपऱ्याकडे पाय टाकला. कोपऱ्यावरच्या पोरानें झेप घेऊन घोटा धरला, आणि धरला तो अगदीं रीतसर. पण त्याच्या शेजारचा गडी अर्धा क्षण मागें राहिला. तो कमरेला भिडला तेव्हां चढाईवाला वळलेला होता; तिसरा अंगावर पडला तेव्हां त्याचीं बोटें मध्यरेषेपलीकडे गेलेलीं होतीं. एकदम तीन गडी बाद! एकानें पुढें असलेला संघ दोहोंनीं मागें पडला.

"उरलेल्या दोघांनीं पकड केली असती तर दोन गुण मिळून बरोबरी झाली असती," तरुण म्हणतो. नियमाप्रमाणें तें खरें आहे. तीन किंवा कमी गडी असतां केलेल्या पकडीस एक गुण जादा मिळतो. पण समोरचा पक्षहि खुळा नव्हता. त्यांचा गडी निदानरेषा ओलांडून, कोणाच्या वाऱ्यालाहि न उभा राहतां, वेळ काढून परत गेला.

दुसरा एक जण सुचवितो, उजवा कोपरा बदला. नानांना तें मुळींच मान्य नाहीं. घोटा धरणारा चुकला नाहीं. चुकली ती साखळी. एकमेकांचीं बोटें धरून उभ्या असलेल्या गड्यांना शेजारी केव्हां झेपावणार हें त्याच्या हाताच्या ताणावरून कळलें पाहिजे. डोळ्यांनीं पाहून निघावें तर उशीर झालाच.

प्रेक्षक चढाईवर भाळतात तो कांहीं पेण-रोह्याचाच दोष नव्हे. १९९० पासून २०१४ पर्यंत आशियाई खेळांतील पुरुषांच्या कबड्डीचें सुवर्णपदक प्रत्येक वेळीं भारतानेंच जिंकलें. २०१८ सालीं जाकार्ता येथें उपांत्य सामन्यांत इराणनें भारताला २७-१८ असें हरविलें. आपल्या नामांकित चढाईवाल्यांना साऱ्या सामन्यांत संघासाठीं अठराच्या पुढें जातां आलें नाहीं. इराणचा डावा कोपरा फझल अत्राचली हा तर पुढें प्रो कबड्डींत पकडीचे पांचशें गुण मिळविणारा पहिला खेळाडू ठरला. २०२३ सालीं हांगचौ येथें भारतानें सुवर्णपदक परत आणलें ही गोष्ट निराळी.

मग गांवच्या संघाची साखळी ढिली कां झाली? चढाईचा सराव एकट्यास करतां येतो. अंगणांत पाय फिरवावे, मोबाईलवर मोठमोठ्या खेळाडूंच्या चढाया पाहाव्या. पकडीचें तसें नाहीं. तेच गडी, त्याच मातीवर, रोज एकत्र आले पाहिजेत. शेतांवर नि मिठागरांवर काम होतें तोंवर संध्याकाळ सर्वांची एकच असे. आतां उजवा कोपरा डोलवीच्या पोलादाच्या कारखान्यांत रात्रपाळीस, त्याच्या शेजारचा नागोठण्यास सकाळच्या पाळीस, तिसरा धाटावला. सातहि जण एका जागीं भेटतात ते सामन्याच्याच रात्रीं. मुलांना नोकऱ्या लागल्या ह्याचा गांवाला आनंद आहे, आणि तो असावाच. पण पोट भरणाऱ्या त्याच पाळ्यांनीं साखळीचे दुवे वेगळे केले आहेत.

नागोठण्यास निम्मा डबा रिकामा झाला. निडी गेल्यावर तरुणानें खिशांतून कागद काढला आणि सातहि जणांच्या पाळ्या एकाखालीं एक मांडल्या. रोहा येईपर्यंत खाडाखोड चालली होती. साऱ्या आठवड्यांत एकच वेळ जुळत होती, गुरुवारीं पहाटे साडेचार ते साडेपांच.

"एवढ्या पहाटे मैदान कोण तयार करणार?" तो म्हणाला.

नाना पिशवी उचलून दाराकडे निघाले होते. ते म्हणाले, "बुधवारीं मी परत येतों. रात्रीं माती भिजवून ठेवीन. तुम्ही पोरांना उठवा."