तीन आणि सहा

मंडळी, आज नवा धडा घ्यायचा नाही. आज आपल्या डोळ्यांविषयी बोलू.

परवा वर्गात एका आजींनी पाटीवर ६ च्या जागी ३ काढला. कुणीतरी हसले. आजींनी पाटी खाली ठेवली. म्हणाल्या, "आता म्हातारपणी न्हाई यायचं हे." आम्हाला ते फार लागले. कारण ही चूक वयाची नव्हतीच.

बैल डावीकडे तोंड करून उभा असो की उजवीकडे, बैल तो बैलच. लहानपणापासून आपला डोळा हेच शिकतो, आणि ते बरोबर आहे. पण आकड्या-अक्षरांचा कायदा निराळा. तीनचे तोंड फिरवले की सहा झाला! दुधाच्या कार्डावर ६ लिटरचे ३ लिटर झाले, तर नुकसान कुणाचे? वेलांटीचेही तसेच. डावीकडून दिली तर 'दिन', म्हणजे दिवस. उजवीकडून दिली तर 'दीन', म्हणजे गरीब. वाचायला शिकताना डोळ्याची जुनी सवय थोडी मोडावी लागते. शाळेतली लहान पोरेही आधी आकडे उलटे काढतात. त्यांना कुणी हसत नाही.

म्हणून तुमची नजर कच्ची, असे मात्र समजू नका. जोतिबाच्या डोंगरावरचा ढग तुम्ही ओळखता. पाणी कुठल्या सरीत तुंबेल, ते बांधावरून सांगता. पोर्तुगालमध्ये निरक्षर माणसांची परीक्षा घेतली, तेव्हा खरी वस्तू त्यांनी साक्षरांसारखीच झटकन ओळखली. नुसत्या रेघांचे चित्र ओळखायला मात्र वेळ लागला. कागदावर बघणे ही वेगळी विद्या आहे. शेताचा नकाशा हातात घेतल्यावर आपला बांध कुठला ते चटकन कळत नाही, ते याचमुळे.

आणि ही विद्या मोठेपणी येते का? येते. लखनौजवळच्या खेड्यांत तिशीच्या आसपासची निरक्षर माणसे, बहुतेक बायाच, सहा महिने वाचायला शिकली. आधी आणि नंतर त्यांच्या मेंदूची तपासणी केली. डोळ्यांकडून आलेली खबर मेंदूत जिथून पुढे जाते, तिथे बदल झालेला दिसला. ही तपासणी २०१७ साली प्रसिद्ध झाली.

त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १९१७ साली, शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले होते. तरी आजींची शाळा हुकली. घरी धाकटी भावंडे होती, म्हशी होत्या.

आता पाट्या घ्या. तीनचे पोट उजवीकडे, सहाचे डावीकडे. पाच-पाच वेळा काढा. आजी, तुम्ही आधी दाखवा. मग आपापली दुधाची कार्डे काढा, गेल्या आठवड्याचे आकडे मिळून वाचू.