मत बुडविण्याची युक्ति

आज मी अमेरिकेंतील मिसिसिपी राज्याची हकीकत सांगणार आहें. तें राज्य फार दूर, पण तेथील काळीं कुळें कापूस पिकवीत, अर्धेलीनें जमीन कसत आणि वर्षअखेर देणेंच पदरीं घेत. शेतकऱ्याला ही गोष्ट नवी नाहीं. शिवाय जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक, काळ्या गुलामांना मोकळें करणाऱ्या अमेरिकेंतील भल्या लोकांना अर्पण केलें. त्या मोकळ्या झालेल्या लोकांचें पुढें काय झालें, तें ऐका.

१८७० सालीं अमेरिकेच्या घटनेंत दुरुस्ती झाली कीं, वर्णावरून कोणाचें मत नाकारूं नये. त्याच वर्षीं मिसिसिपीकडून हायरम रेव्हल्स हे काळे गृहस्थ सेनेटांत गेले. पण १८७५ सालीं गोऱ्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षानें दहशत बसवून राज्य हातीं घेतलें आणि १८९० सालीं नवी राज्यघटना केली. तींत ‘काळ्यास मत नाहीं’ असें कोठेंही लिहिलें नव्हतें. लिहिलें होतें इतकेंच कीं, मतदारानें दोन डॉलर डोईपट्टी भरावी, आणि घटनेचें कलम वाचावें किंवा ऐकून त्याचा अर्थ सांगावा. अर्थ बरोबर कीं चूक, हें कोण ठरविणार? नोंदणीचा गोरा कारकून! मग काळा शिक्षकही नापास होई.

शेजारच्या लुइझियानांत १८९६ सालीं १,३०,३३४ काळे मतदार नोंदलेले होते. तेथेंही १८९८ सालीं असेच नियम झाले. १९०४ सालीं १,३४२ उरले. डोईपट्टीनें गरीब गोऱ्यांचीही मतें गेलीं. दुसऱ्याचा हक्क बुडतांना जो गप्प बसला, त्याचाही बुडाला.

विरोधी पक्ष नांवापुरता राहिला. खरी निवड डेमोक्रॅटिक पक्षाच्या आंतल्या निवडणुकींत होई, आणि तेथें काळ्यांना मज्जाव असे. (टेक्ससमधील असा मज्जाव सुप्रीम कोर्टानें १९४४ सालीं बेकायदा ठरविला.) ज्यूरीही मतदारांतूनच निवडीत, म्हणून मत गेलें तसा न्यायही गेला. ज्याला मत नाहीं, त्याच्या शाळेची, रस्त्याची फिकीर कोणता पुढारी करणार?

फॅनी लू हेमर ही कापूस वेचणाऱ्या घरची बाई. १९६२ सालीं ती नांव नोंदवायला गेली. कारकुनानें कायद्याचा अर्थ विचारून नापास केलें, आणि जेथें ती अठरा वर्षें राबली त्या मळ्याच्या मालकानें तिला त्याच दिवशीं घालवून दिलें. बाई हटली नाहीं. १९६३ च्या जानेवारींत तिची नोंद झाली. त्याच जूनमध्यें विनोना गांवच्या तुरुंगांत तिला निर्दय मार बसला. १९६४ सालीं तिनें पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनांत ही सारी कहाणी सांगितली, आणि ती देशानें ऐकली.

१९६५ सालीं मताधिकाराचा कायदा झाला. परीक्षा बंद झाल्या, आणि अशा राज्यांनीं निवडणुकीचे नियम बदलण्यापूर्वीं केंद्राची मंजुरी घ्यावी असें ठरलें. मिसिसिपींत शंभर काळ्यांपैकीं सात जणांचीही नोंद धड नव्हती. १९६७ पर्यंत ती साठावर आली. पण २०१३ सालीं, ही मंजुरी कोणत्या राज्यांना लागू हें ठरविणारें कलम सुप्रीम कोर्टानें रद्द केलें. कुंपण मोडलें, तेव्हांपासून नियम आधीं बदलतो आणि गरिबानें मागाहून कोर्टाची पायरी चढावी लागते.

बंधुभगिनींनो, घटनेंत लिहिलेला हक्क कारकुनाच्या दौत-लेखणीनें बुडतो, आणि एकाच पक्षाची मिरास झाली म्हणजे त्या कारकुनाला जाब विचारणारा उरत नाहीं. म्हणून मतदारांची यादी लागली कीं जाऊन वाचा. आपलें नांव पाहा, घरांतल्या बायांचें पाहा, आणि ज्याच्याशीं आपला बांधाचा तंटा आहे त्या शेजाऱ्याचेंही पाहा. त्याचें गाळलेलें असेल, तर त्याच्याबरोबर कचेरींत जा.