पाहुण्यास आपला मुलूख दाखविताना
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या विषयावर एखाद्या इतिहास अभ्यासकाने बोलणे अधिक उचित ठरले असते. संयोजकांनी ते काम एका कापड दुकानदाराकडे सोपविले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. उभे आयुष्य गादीवर ताके उलगडण्यात गेले. परंतु विचार करू लागलो तेव्हा जाणवले की वस्तुसंग्रहालय अथवा ऐतिहासिक स्थळ पाहावयास आलेला मनुष्य आणि दुकानाची पायरी चढलेले गिऱ्हाईक यांत फारसे अंतर नाही. नेमके काय पाहावयाचे आहे हे पुष्कळदा दोघांनाही ठाऊक नसते. दोघांचेही पाय थकतात. आणि पन्नास ताके एकदम पुढ्यात टाकले, तर दोघेही काही न घेता निघून जातात.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे उदाहरण घ्या. आपल्या अल्पवयात निवर्तलेल्या राजा नावाच्या मुलाच्या स्मरणार्थ दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, वाद्ये, भांडी अशा नित्याच्या वस्तू आयुष्यभर जमविल्या व १९७५ मध्ये तो ठेवा महाराष्ट्र शासनास अर्पण केला. त्या हजारो वस्तूंपैकी थोड्याच मांडलेल्या असतात. बाकीचा माल, आपल्या भाषेत सांगावयाचे तर, गोदामात. अहमदाबादचे कॅलिको संग्रहालय हे १९४९ साली स्थापन झालेले आपल्याच व्यवसायाचे तीर्थ. तेथे मोजकीच मंडळी, ठरलेल्या वेळी, मार्गदर्शकासह आत नेतात आणि छायाचित्रे काढू देत नाहीत. जुन्या कापडास उजेड सोसत नाही, म्हणून दिवेही मंद. प्रथम जाणाऱ्यास ही शिस्त जाचते. बाहेर पडताना मात्र एकेका वस्त्राचा पोत डोळ्यांसमोर राहिलेला असतो. काय दाखवावयाचे याइतकेच काय झाकून ठेवावयाचे, हेही आधी ठरवावे लागते.

आता आपल्या घरच्या अंगणात येऊ. २०१३ मध्ये मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि शनिवार-रविवारचे पाहुणे वाढले. ते समुद्र पाहतात, चिकू घेतात, महालक्ष्मीचे दर्शन घेतात आणि परततात. ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्याचे बरेवाईट हा आजचा विषय नव्हे. पण हा किनारा बदलणार, हे उघड आहे. त्यापूर्वी या मुलखाची ओळख कोणी, कोणत्या शब्दांत करून द्यावी, एवढेच मला मांडावयाचे आहे.

बोर्डीनजीकच्या बारडाच्या डोंगरावरील बहरोट लेणी आपल्यापैकी काहींनी पाहिली असतील. चढण दमविणारी आहे. वर गेल्यावर दिसतात त्या खडकात कोरलेल्या रिकाम्या गुंफा, आणि पुष्कळांचा हिरमोड होतो. परंतु इ. स. १६००च्या सुमारास रचलेल्या ‘किस्सा-ए-संजाण’ या फारसी काव्यानुसार, संजाणवर सुलतानाच्या सैन्याची स्वारी झाल्यावर पारशी बांधवांनी आपला पवित्र इराणशाह अग्नी या डोंगरावर आणून बारा वर्षे जपला. तोच अग्नी वांसदा, नवसारी असा प्रवास करीत १७४२ मध्ये उदवाड्यास स्थिरावला. उदवाड्याच्या अग्निमंदिरात पारश्यांवाचून इतरांना प्रवेश नाही. म्हणजे तो अग्नी जेथे होता तेथे आपल्यासारख्यास उभे राहता यावे, असे एक स्थान ही रिकामी गुंफा! हे डोंगराच्या पायथ्याशी, चढण्यापूर्वी, चार वाक्यांत सांगितले गेले, तर वरचा रिकामेपणा बोलू लागेल. वर मग एकही फलक नको. माझे मत विचाराल तर तेथे बोलणेही नको.

वारली चित्रांची गोष्ट याहून निराळी. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगापुढे नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते निवर्तले. आज ती चित्रे चादरींवर छापली जातात, आमच्या दुकानातही ती खपतात. पण मुळात तो लग्नाचा चौक. सवासिनींनी मातीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढावयाचा, मध्ये पालघट देवी, आणि सोबत धवलेरीची गाणी. चौकटीत बसविलेले चित्र पाहून पाहुण्यास यांतले काय कळणार? त्याला गेरूने सारविलेल्या भिंतीपुढे बसवावे, हाती बाहरूची काडी द्यावी आणि शिकविणारी त्याच पाड्यावरची बाई असावी. तिला त्याचा मेहनताना मिळावा, सत्काराचा नारळ नव्हे.

हे नवे नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर नेले; अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच त्यांच्या अंगणात गेली, आणि गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हेच शैक्षणिक साहित्य. येणाऱ्याच्या पायरीवर उतरून त्याला हाताळू द्यावे, ही आज संग्रहालयशास्त्रात शिकविली जाणारी गोष्ट या दोघींनी आपल्या टेकडीवर करून दाखविली होती.

राहिले तलासरी. एका आदरणीय स्नेह्यांनी मला सुचविले की, शुभप्रसंगी तो विषय टाळावा. त्यांचा मान राखून मी तो घेतो. २३ मे १९४५ रोजी झरी येथे आदिवासींची सभा भरली आणि वेठबिगार करणार नाही, असा निर्धार झाला. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर राबणाऱ्यास ‘लग्नगडी’ म्हणत. पुढे गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न आला. मागणी होती पाचशे पौंडांस अडीच रुपये. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्यास गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. गोदावरी परुळेकर यांनी हा लढा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात नोंदविला असून त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला आहे.

या इतिहासात जमीनदार आहे, सावकार आहे, आणि गावचा व्यापारीही आहे. म्हणूनच आपल्याला संकोच वाटतो. परंतु वहीची जमेची बाजू तेवढी दाखविणाऱ्यावर आपण कोणी विश्वास ठेवीत नाही. मग पाहुण्याने तरी का ठेवावा? उद्या तलासरीत एखादे दालन झालेच, तर माझी सूचना साधी आहे. पाचशे पौंड, म्हणजे सुमारे सव्वादोनशे किलो, सुके गवत एका कोपऱ्यात प्रत्यक्ष रचून ठेवावे. शेजारी विळा, आणि खाली एकच ओळ: मागितलेली मजुरी, अडीच रुपये. दुसऱ्या भिंतीवर कर्जाच्या वहीचे एक पान, नावे झाकून. निवेदन वारली बोलीत ऐकू यावे, मराठी व गुजराती मजकूर त्याखाली असावा. कोणत्या वस्तू ठेवाव्यात हे ठरविणाऱ्या मंडळीत पाड्यांवरची माणसे निम्म्याहून कमी नसावीत. देणगी कोणाचीही असो.

बाकीच्या गोष्टी दुकानदारीच्या आहेत. अक्षर आठ-दहा पावलांवरून वाचता यावे. फलक दहा वर्षांच्या मुलाच्या नजरेच्या उंचीवर असावा. बसावयास बाक, पिण्यास पाणी आणि स्वच्छ प्रसाधनगृह यांचा खर्च अंदाजपत्रकात आधी धरावा, कोनशिलेचा नंतर.

पावसाळा सरल्यावर आपल्यातील इच्छुकांनी बारडाचा डोंगर चढावा, असा बेत आहे. नावे कार्यालयात द्यावीत. सकाळी लवकर निघून दुपारी खाली यावयाचे आहे, त्यामुळे चौविहार पाळणाऱ्यांचीही अडचण होणार नाही.