सूर धरणारा माणूस

सोलापूर, कोल्हापूर, कोकण आणि मराठवाड्यातून रात्रीचा प्रवास करून आलेले सनई, सुंदरी, चौघडा आणि संबळवादक बंधू-भगिनी, आणि काल सकाळपासून न कंटाळता बसलेले विद्यार्थी मित्रहो,

सनईवादकांच्या या संमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान दिलात, मी ऋणी आहे. खराडीकरांनी दोन दिवस चोख व्यवस्था ठेवली. माझ्या लहानपणी नगर रस्त्याने जाताना इथे शेतं दिसायची आणि पलीकडे मुळा-मुठेचं पात्र. आज ईऑन आयटी पार्कच्या काचा दिसतात. ऐन लग्नसराईत दोन तारखा सोडून कार्यालयाच्या मालकांनी आपल्याला ही जागा दिली, त्यांचे विशेष आभार.

अध्यक्षाने आढावा घ्यावा अशी रीत आहे. तो मी लिहून आणला आहे. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावरचा नगारखाना, पुण्यात शंकरराव गायकवाडांनी आणि त्यांच्या घराण्याने सनईला मिळवून दिलेली मैफिलीची बैठक, सोलापूरच्या जाधवांनी जपलेली छोटी सनई म्हणजे सुंदरी आणि सिद्राम जाधवांचं नाव, १९५३ साली सुरू झालेला आणि सनईच्या सुरांनी उघडणारा सवाई गंधर्व महोत्सव, १९४७ साली स्वातंत्र्याच्या वेळी लाल किल्ल्यावर वाजलेली बिस्मिल्ला खाँसाहेबांची शहनाई आणि २००१ साली त्यांना मिळालेलं भारतरत्न. हे सगळं त्यात आहे. तुम्हाला ते पाठ आहे. ती पानं मी स्मरणिकेसाठी देतो आणि जे गेली वीस वर्षं बोलायचं राहिलं आहे ते आज बोलतो.

काल सकाळी मी या कार्यालयाच्या दाराशी उतरलो तेव्हा सनई वाजत होती. दोनशे सनईवादकांच्या स्वागताला स्पीकरवर ध्वनिमुद्रित सनई. लावणाऱ्याने आदरानेच लावली होती, त्यांना मी काही म्हणत नाही. मी चप्पल काढता काढता थांबलो आणि ऐकलं. वाजवणारा तयारीचा होता. संबळही चांगला होता. आणि खाली सूर होता तो यंत्राचा. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची ती ठरावीक फिरणारी झणझण. त्या सनईच्या शेजारी माणूस नव्हता.

विद्यार्थ्यांसाठी सांगतो, कारण तुमच्यातल्या निम्म्यांनी तो माणूस पाहिलेलाच नाही. आपल्या ताफ्यात सनई दोन असतात. एक गाते. दुसरीला आपण नुसतं ‘सूर’ म्हणतो. दिसायला सनईच, पण तिची भोकं मेणाने बुजवलेली. ती घेऊन बसलेला माणूस तासन् तास एकच षड्ज धरतो. मध्ये थांबायचं नाही. नाकाने श्वास घ्यायचा, तो छातीत जाईपर्यंत गालांच्या भात्याने पत्तीवर फुंक चालू ठेवायची. ऐकणाऱ्याला तो ऐकू येत नाही. तो थांबला की मात्र सगळ्यांच्या माना वळतात.

मला नवव्या वर्षी सुरावर बसवलं. वडील सनई वाजवायचे, चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, सूर धरायचे. तात्यांनी मला आधी सनईला हातच लावू दिला नाही. पपईच्या पानाचा पोकळ देठ दिला आणि पाण्याने भरलेला तांब्या. देठाने पाण्यात फुंकायचं आणि बुडबुडे थांबू द्यायचे नाहीत. पाऊसकाळ सगळा त्यात गेला. मग पत्ती आली. ती जिभेवर भिजवायची, दोन पाती एकमेकांना किती चिकटतात ते ओठांनी जोखायचं, सुईने आतून जरा उघडायची, दोऱ्याची एक वेढणी वर सरकवायची. तात्या ती माझ्या तोंडातून काढून स्वतःच्या तोंडात घालायचे, एकदा फुंकायचे आणि परत द्यायचे. बोलायचे नाहीत. मान हलली नाही की समजायचं, अजून जड आहे.

पहिल्या सुपारीत माझा सूर तुटला. अंतरपाट धरलेला होता, वडील तोडी वाजवत होते, मला ठसका लागला. वडील गांधारावर होते. खालची जमीन गेली आणि तो गांधार क्षणभर लटकला. वडिलांनी मागे पाहिलं नाही. तात्यांनी माझ्या हातातून सूर घेतला आणि श्वासही न घेतल्यासारखा उचलून धरला. रात्री जेवताना वडील एवढंच म्हणाले, की तोडीचा गांधार किती खाली असतो ते आज तुला कळलं असेल. खरोखरच कळलं होतं. सूर गेल्यावर तो कुठे उभा होता ते मला दिसलं होतं. वडिलांनी मला एकही राग समोर बसवून शिकवला नाही. मी चार वर्षं त्यांच्या डाव्या हाताला षड्ज धरून बसलो आणि त्या षड्जाच्या वरून जे जे गेलं ते माझं झालं.

काल दुपारच्या सत्रात अभ्यासक्रमावर दोन तास चर्चा झाली. पहिल्या वर्षी किती अलंकार, दुसऱ्या वर्षी किती राग, लेखी पेपर असावा की नसावा. विद्वानांनी मतं मांडली. मी माझं मत मांडत नाही, माझा अनुभव सांगतो. आपली शाळा होती, ती सुराच्या जागेवर भरायची, आणि ती जागा आपण यंत्राला दिली. आज माझ्याकडे येणारा मुलगा पहिल्या महिन्यात भूप मागतो. त्याला पत्ती धरता येत नाही, दमसास नाही, षड्जावर दोन मिनिटं उभं राहता येत नाही. त्याला कुठे बसवू? बसायची जागाच शिल्लक नाही.

प्लास्टिकच्या पत्तीवरही वाद झाला. काही म्हणाले स्वस्त आणि टिकाऊ, काही म्हणाले आवाज पत्र्याचा. मी पाहिलेलं सांगतो. डिसेंबरात एका पहाटेच्या कार्यक्रमाला मी उघड्यावर बसलो, थंडी कडाक्याची. नऊ वाजेपर्यंत ऊन तापलं. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो आणि सुषिर वाद्याचा स्वर चढतो. दहा अंशांचा फरक पडला तर अर्ध्या स्वराचा जवळजवळ तिसरा हिस्सा चढू शकतो. माझी सनई चढली आणि शेजारचं यंत्र होतं तिथेच राहिलं. मी तासभर ओठ ढिले सोडून स्वतःला खाली ओढत होतो. तात्या असते तर त्यांचीही सनई त्याच उन्हात तापली असती, माझ्याबरोबर चढली असती, आणि जो काही उरला तो फरक त्यांनी ओठांनी भरून काढला असता. पत्ती नरकटाची की प्लास्टिकची, हा प्रश्न शेजारी कान असलेला माणूस आहे की नाही याच्या नंतरचा आहे.

तिसरा वाद नेहमीचा. लग्नाच्या सुपाऱ्या घ्याव्यात की मैफिलीपुरतं राहावं. ज्यांच्या आजोबांना मांडवाबाहेर बसवून शेवटच्या पंगतीला जेवायला वाढलं, त्यांनी लग्नं सोडली तर मी त्यांना नाव ठेवणार नाही. आमच्याही घरी ते झालं आहे. पण माझ्या वडिलांनी तोडी लग्नातच वाजवली आणि मी ती लग्नातच शिकलो.

आता जे सांगायला मला सर्वांत जड जातं ते सांगतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पुण्यातल्या एका मोठ्या घरचं लग्न. यजमानांशी बिदागीचं बोलणं चाललं होतं. त्यांनी ताफ्यातली माणसं मोजली आणि तात्यांकडे बोट करून विचारलं, हे काय करतात? मी म्हणालो, सूर धरतात. ते म्हणाले, एकच स्वर वाजवायचे पैसे? तात्या तिथेच उभे होते. मी काहीही बोललो नाही. तात्यांचे पैसे कमी केले आणि सुपारी घेतली. पुढच्या लग्नसराईत मी तानपुऱ्याचं यंत्र विकत घेतलं.

मला कोणी भाग पाडलं नव्हतं. यंत्राला जेवण लागत नव्हतं, एसटीचं तिकीट लागत नव्हतं. तात्यांनी एक शब्द विचारला नाही. सूर धोतराच्या फडक्यात गुंडाळला आणि फळीवर ठेवला. दोन वर्षांनी गावच्या देवळात माझं वादन होतं, तेव्हा ते समोर खांबाला टेकून बसले होते. सगळा वेळ ते यंत्राकडे बघत होते. कार्यक्रम झाल्यावर म्हणाले, ‘‘त्याला दम लागत नाही. मग तुला थांबायचं कधी कळतं?’’

मी त्याचं उत्तर दिलं नाही. त्या दिवशी मी सव्वा तास वाजवलं होतं आणि त्यातला अर्धा तास भरताड होतं, हे मला नंतर रेकॉर्डिंग ऐकल्यावर दिसलं. शेजारच्या माणसाच्या दमावर वादनाचं माप असायचं. वडील तात्यांच्या श्वासाकडे कान ठेवून तान संपवायचे.

दक्षिणेतही हेच झालं. नागस्वरम्‌च्या शेजारी ओत्तू वाजवणारा असायचा, आता श्रुतीपेटी असते. पण जगात सगळीकडे असं झालेलं नाही. मुंबईला एनसीपीएमध्ये २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. त्यांच्या एका तालमीला मला बसता आलं. ओबो आणि बॅसून हे आपले दूरचे भाऊबंद. निमुळती नळी आणि दोन पात्यांची पत्ती. बॅसूनची नळी अडीच मीटरच्या आसपास लांब, म्हणून ती दुमडलेली. तालमीच्या आधी सगळा वाद्यवृंद गप्प झाला. एका ओबोने एकच स्वर धरला. त्या एका स्वरावर व्हायोलिनं, सेलो, शिंगं, सगळ्यांनी आपापली वाद्यं लावून घेतली. एवढ्या माणसांत सूर कोणाचा प्रमाण, तर पत्तीवाल्याचा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

मध्यंतरात त्या ओबोवादकाशी दुभाष्यामार्फत बोललो. तो वाजवतो आणि शिकवतोही. त्याने चामड्याच्या पेटीतून चाकू, दोरा आणि अर्धवट तासलेल्या पत्त्या काढून दाखवल्या. त्या पत्तीसाठीची नरकटाची नळी बहुतेक दक्षिण फ्रान्समधून येते. मी खिशातून माझी पत्ती काढली. भाषा एकमेकांना कळत नव्हती, पण त्याने माझी पत्ती उजेडात धरली आणि नखाने जिथे ती जाड होती नेमकं तिथे दाखवलं. मग त्याने मला छापील कार्यक्रमपत्रिका दिली. तिच्यात पहिल्या ओबोचं नाव होतं आणि दुसऱ्याचंही. दुसरा दुसऱ्याच्या जागेवर नेमलेला, पगारी, सन्मानाने बसलेला. माझ्याकडे सनईच्या जुन्या तबकड्या आहेत. मधल्या कागदी चकतीवर वादकाचं नाव आहे, रागाचं नाव आहे. सूर धरणाऱ्याचं नाव मी एकाही चकतीवर वाचलेलं नाही.

पुढे काय करायचं, हे सांगणं अध्यक्षाचं काम असतं. एक वही करावी असं माझ्या मनात आहे. प्रत्येकाने आपल्या घरी ज्यांनी सूर धरला त्यांची नावं तिच्यात लिहावीत. कशी करायची, कोणाकडे ठेवायची ते कार्यकारिणीने बघावं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सुरावर बसवावं आणि त्याला बिदागीतला वाटा द्यावा. किती, ते मी आज ठरवत नाही, पण निमपट देऊन चालणार नाही. सुपारी घेताना यजमानाने विचारलं की हे काय करतात, तर गप्प बसू नये. याचा ठराव होत नसतो, तरी मी तुम्हाला हात जोडून मागतो आहे.

काल एका मुलीने उभं राहून विचारलं होतं, सर, यमनपर्यंत यायला किती वर्षं लागतात? वेळ संपली म्हणून तिला उत्तर मिळालं नाही. ती मुलगी अजून सभागृहात असेल.

आता कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे माझं वादन आहे. ध्वनिव्यवस्थेवर बसलेल्या मित्राला विनंती, ते तानपुऱ्याचं यंत्र बंद करा. तात्यांचा सूर मी बरोबर आणला आहे. जुनं मेण सुकून भेगाळलं होतं, परवा रात्री नवं भरलं. पत्ती भिजत ठेवली आहे. बाळ, वर ये. इथे, माझ्या डाव्या हाताला बस.