हलव्याचे दागिने : एक हंगामी जोडधंदा



लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीस नववधूला हलव्याचे दागिने घालण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. बाळाच्या बोरन्हाणासही मुकुट, हार, बाजूबंद लागतातच. खसखस, तीळ किंवा साबुदाण्यावर मंद आचेवर साखरेच्या पाकाचे थर चढवून काटेरी हलवा तयार होतो. तो दोऱ्यात गुंफून अथवा पुठ्ठ्यावर चिकटवून अनेक गृहिणी घरबसल्या हे दागिने घडवितात.

या धंद्याचे यश कौशल्याइतकेच वेळेच्या नियोजनावर अवलंबून आहे. मागणी असते ती मुख्यतः संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत. दमट हवेत हलवा पाघळतो. त्यामुळे उरलेला माल पुढील वर्षापर्यंत टिकविणे कठीण. म्हणून दिवाळी संपताच नमुने दाखवून, काही रक्कम आगाऊ घेऊन मागणी नोंदविणे हिताचे ठरते. परदेशस्थ मराठी कुटुंबांसाठीची पार्सले तर हवाबंद करून पुष्कळ आधी रवाना करावी लागतात.

दुसरी बाब किमतीची. साखर, दोरा, पुठ्ठा यांचा खर्च मांडला जातो. स्त्रीच्या श्रमांचा मात्र हिशेब होत नाही. एका संचास लागलेले तास मजुरीच्या दराने धरल्याशिवाय नफा झाला असे म्हणता येणार नाही.

१९७५ साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने बचत गटांच्या उभारणीचे कार्य केले आहे. अशा गटांना ग्रामपंचायतीने आठवडी बाजारात जागा द्यावी, शिक्षकांनी हिशेबाची वही लिहिण्यास शिकवावे. मग संक्रांतीचा गोडवा कष्टणाऱ्या हातांच्याही वाट्यास येईल.